आख्खी गाडी बोटीत चढते तेव्हा: कालाब्रियाचा किनारा आणि सिसिली, सप्टेंबरअखेर

इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रिया प्रांतातल्या विला सान जोव्हान्नी स्टेशनात आमची गाडी बराच वेळ उभी राहिली आणि मग चक्क उलटी सरकायला लागली. आई दचकून म्हणाली, "अगं, परत नेतायत की काय आपल्याला?" परत नेत नव्हते. डबे सुटे करून जहाजाच्या पोटात घालत होते. जहाजात रूळ आहेत, त्यांवर डबे शेजारी शेजारी उभे करतात. जहाज मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडतं आणि पलीकडे सिसिलीत डबे पुन्हा जोडून गाडी पुढे निघते. अरुंद जागी हा समुद्र तीन किलोमीटरच्या आसपास आहे, पण डबे आत घालण्या-काढण्याचा वेळ धरून दोनेक तास मोडतात. तेवढ्यात डब्यातून उतरून जिन्याने डेकवर जाता येतं. जरूर जा, आपल्या डब्याचा नंबर मात्र लक्षात ठेवा. आम्ही आळीपाळीने वर गेलो, कारण सामानापाशी कुणीतरी हवंच.

या एका प्रवासासाठी मी सगळी सहल आखली होती. सिसिलीला जाणारे बहुतेक जण विमानाने थेट कातानियाला किंवा पालेर्मोला उतरतात. मला इटलीचा किनारा जिथे संपतो तिथून बेटावर जायचं होतं. मी, नवरा आणि अडुसष्ट वर्षांची आई, असे तिघं. गणपतीचं विसर्जन झालं, घर आवरलं आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. बारा रात्री अशा वाटल्या: रोम एक, कालाब्रियात त्रोपेआ चार, मग सिसिलीत कातानिया तीन आणि सिराकूझा चार. मुंबईहून जाताना रोम, येताना कातानिया असं तिकीट काढलं, म्हणजे उलटा फेरा पडत नाही. गाडी भाड्याने घेतली नाही. आई बरोबर असताना वळणांच्या रस्त्यांपेक्षा रेल्वे बरी, हे आम्हाला पहिल्या दिवशीच पटलं.

हवेबद्दल सविस्तर सांगते, कारण या दिवसांतलं नियोजन तिच्यावरच उभं आहे. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि जमिनीपेक्षा फार सावकाश निवतो. त्यामुळे सप्टेंबरअखेरही पाणी पोहण्याजोगं उबदार असतं, ऑगस्टची गर्दी मात्र गेलेली असते. पण त्याच उबदार पाण्यावर उत्तरेकडून थंड हवा आली की ढग झपाट्याने चढतात आणि तास-दोन तास आपल्या वळवासारखा पाऊस कोसळतो. कातानियात आम्ही अशा पावसात सापडलो. एटना ज्वालामुखीच्या बाजूने शहराकडे उतरत येणाऱ्या मुख्य रस्त्यावरून पाण्याचा लोंढा वाहत होता आणि दुकानदार दारात फळ्या लावत होते. म्हणून प्रत्येक मुक्कामात एक दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेवा. आम्ही चार मुक्कामांचे सहा केले असते तर हा मोकळा दिवस कुठे बसलाच नसता.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो जायलाच हवा. फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून सरहद्दीवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा उतरल्यावर पुढच्या गाडीचं तिकीट फार घाईचं काढू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. मेतकूट, भडंग, पातळ पोहे बिनघोर न्या.

रोमहून वेगवान गाडीने लामेझिया तेर्मे चारेक तासांत येतं आणि तिथून लोकल गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने त्रोपेआला नेते. गाव उंच कड्यावर, खाली पांढरी वाळू, आणि समोर एका सुट्या खडकावर सांता मारिया देल्ल'इझोला हे चर्च. संध्याकाळी हवा स्वच्छ असली की क्षितिजावर स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखी बेटाचा त्रिकोण दिसतो. किनाऱ्यावर उतरायला भरपूर पायऱ्या आहेत. आईने एकदाच केल्या आणि नंतर वरच्या कठड्यापाशी बसून समुद्र बघणंच पसंत केलं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी घर निवडताना हे बघा. भाड्याच्या छत्र्या-खुर्च्यांचे पट्टे या सुमाराला एकेक करून आवरायला लागतात, म्हणून स्वतःची चटई बरोबर असावी. इथला लांबट लाल कांदा इटलीभर प्रसिद्ध आहे. दुकानांतून त्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. तो इतका गोड असतो की आईने कच्चाच चिरून पोह्यांवर घातला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक वेणी आणली.

त्रोपेआहून एक दिवस रेज्जो कालाब्रियाला जा. रिआचे गावाजवळ समुद्रात १९७२ साली सापडलेले दोन कांस्य योद्धे तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली ग्रीक घडण. दालनात शिरण्याआधी थोड्या थोड्या लोकांना एका खोलीत काही मिनिटं थांबवून हवा शुद्ध करतात. आत गेल्यावर त्यांच्या हातांच्या फुगलेल्या शिरा, तांब्याचे ओठ आणि एकाचे चांदीचे दात जवळून दिसतात. मी आजवर पाहिलेल्या मूर्तींत इतकी जिवंत मूर्ती दुसरी नाही. संग्रहालय सोमवारी बंद असतं. परतीच्या वाटेवर शिल्लाला उतरून किआनालेआ या कोळीवाड्यात चक्कर मारली. घरांच्या भिंतींना पाणी लागतं.

बोटीत चढणारी गाडी पकडायला आम्ही त्रोपेआहून पुन्हा लामेझियाला गेलो. थोडं उलटं पडतं, पण आरक्षित जागेवर बसून थेट कातानियाला उतरता येतं. लोकलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करावं लागतं. विसरलात तर दंड. रविवारी गाड्या फारच कमी. आणि संप: आमच्या वाट्याला एक आला. रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. घरमालकिणीने हे सांगितलं म्हणून आम्ही पहाटे उठून कातानियाहून सिराकूझाला वेळेत पोचलो.

कातानिया काळं शहर आहे. १६९३च्या भूकंपानंतर ते पुन्हा उभारलं तेव्हा एटनाचा काळा दगड हाताशी होता. मुख्य चौकात त्याच लाव्हाचा हत्ती उभा आहे, पाठीवर इजिप्ती धाटणीचा स्तंभ घेतलेला. विसर्जनाला पंधरवडाही झाला नव्हता. आईने त्याला हात जोडले आणि मग रोज त्याच चौकातून जायचा हट्ट धरला. एटनासाठी स्टेशनासमोरून सकाळी एकच बस वर जाते आणि दुपारी तीच परत आणते. वर सुमारे १,९०० मीटरवर कडाक्याचा वारा होता आणि त्यामुळे रोपवे बंद. पण बसथांब्याजवळच १८९२ सालच्या उद्रेकातली सिल्वेस्त्री विवरं आहेत, त्यांच्या कडेने आईही आरामात फिरली. खाली टी-शर्टचं ऊन असलं तरी स्वेटर आणि कानटोपी घ्या, बूट बंद हवेत.

शाकाहारी लोकांसाठी: 'सेन्झा कार्ने' म्हणजे मांस नको. तेवढ्याने भागत नाही, मासे तिथे मांसात धरत नाहीत, म्हणून 'सेन्झा पेशे'ही म्हणा. अरांचिनो हा तळलेला भाताचा गोळा दिसायला बटाटेवड्याचा भाऊ, पण त्यात बहुधा खिमा असतो आणि बटरवाल्यातही हॅम निघतं. विचारूनच घ्या. पास्ता आल्ला नोर्मा मात्र हमखास: वांगं, टोमॅटो आणि वर खारवलेल्या रिकोट्टा चीजचा कीस. आंबटगोड वांग्याची कापोनाताही तशीच. न्याहारीला बदामाचा ग्रानिता (रवाळ, बर्फाळ सरबत) आणि ब्रिओश (मऊ, गोडसर पाव). ब्रिओशमध्ये अंडं असतं, आईने नुसता ग्रानिता खाल्ला. दुपारी एक ते चार दुकानं बंद, सातच्या आत जेवण मिळणं कठीण. माणशी मुक्काम-कर बऱ्याच ठिकाणी रोख मागतात, सुटे युरो ठेवा.

सिराकूझात राहायचं तर ओर्तिजियात. जुनं गाव या छोट्या बेटावर आहे आणि पूल ओलांडून चालत जाता येतं. इथल्या मुख्य चर्चच्या भिंतीत अथेना देवीच्या देवळाचे जाडजूड ग्रीक खांब जसेच्या तसे आहेत. देऊळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. पुढे खांबांमधली जागा भरून चर्च झालं, अरबांच्या काळात मशीद, मग पुन्हा चर्च. आई एका खांबाला टेकून बराच वेळ बसली. "दगड गार आहे," एवढंच म्हणाली.

सकाळच्या बाजारात या दिवसांत फड्या निवडुंगाची बोंडं ढिगाने येतात. त्यांना इटालियन भाषेत 'भारतीय अंजीर' म्हणतात, पण हे झाड मूळचं मेक्सिकोचं, आपल्याकडेही तिथूनच आलेलं. हाताने उचलू नका, बारीक कुसळं दोन दिवस जात नाहीत. विक्रेत्याला सांगा, तो सुरीने सोलून देतो. लाल बोंडापेक्षा पिवळं अधिक गोड लागलं. चार रात्रींत रोज घेतली आणि तरी त्रोपेआची एक रात्र इकडे हलवायला हवी होती असं निघताना वाटत होतं.