माशाक पोवाक शिकयतंस काय?

मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत मी गेली नऊ वर्षं लोकांना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला नेतो. होडी माझी, जागा मी दाखवणार, दांडी त्यांच्या हातात. संध्याकाळच्या जेवणापुरती काळुंदरीसारखी एखादी बारकी मासळी घेऊन जायला माझी ना नाही. पण चोणक लागला तर तो परत पाण्यात, हे मी फोनवरच सांगून टाकतो. ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात. ठेवू देत.

चोणक म्हणजे रायगडातला जिताडा. बंगालमध्ये भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. हा मासा आधी नर असतो आणि सहा-आठ वर्षांचा होऊन अंगाने भरला की मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठाले चोणक जवळजवळ सगळे माद्याच. पावसाळ्याच्या तोंडावर त्या खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी उतरतात आणि एकेक मोठी मादी कोटीच्या हिशेबात अंडी टाकते. तरी आमच्याकडे त्याला 'तो चोणक'च म्हणतात, मीही तेच म्हणणार.

गोष्ट मागच्या मे महिन्यातली. उधाणाचे दिवस होते. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती दुपारच्या आसपास पुरी होते, आणि चोणक लागायची खरी वेळ त्यानंतरची. सुकती, म्हणजे ओहोटी लागली की कांदळातलं, खारफुटीच्या झाडीतलं पाणी वहाळांतून खाडीत उतरतं, त्याबरोबर बारकी मासळी नि सुंगटं, म्हणजे कोळंबी वाहत येतात आणि वहाळाच्या तोंडाशी हा दबा धरून बसलेला असतो. पण मे महिन्यात दहा वाजले की दांड्या आत, हा माझा नियम. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून दमलेल्या माशाचा दम अशा पाण्यात सहजी परत येत नाही.

गिऱ्हाईक पुण्याचं, रात्रभर गाडी चालवून आलेलं. सकाळ पूर्ण कोरडी गेली. दहा वाजता म्हणाले, "दादा, एवढ्या लांबून आलोय हो. सुकतीचा एक तास फक्त." मी पाण्याकडे बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणालो. पुढचं सगळं त्या 'हो'पासून सुरू झालं, आणि तो माझा होता.

सकाळी धक्क्यावरच मी प्रत्येकाचे नकली मासे हातात घेतो आणि पक्कड लावून गरीच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करतो. सपाट गरी दोन बोटांनी सुटते. लोक म्हणतात मासा निसटेल. दोर ताणून धरली तर नाही निसटत, आणि निसटला तर सोडायचाच होता की. या सरांचेही दोन मासे मी दाबून दिले होते. पण दुपारी मी नांगर टाकत असताना त्यांनी डब्यातून तिसरा काढला. नवाकोरा, खाली दोन तिहेरी गऱ्या, सहाच्या सहा काटे शाबूत. मला पत्ता नाही.

दुसऱ्याच फेकीला वहाळाच्या तोंडाशी 'डुब्' झालं. चोणक चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मग तो पाण्याबाहेर आला, सबंध, डोकं झिंजाडत, गालफडं पसरून. सरांच्या तोंडून शब्द फुटेना.

त्यांची दोर होती पंधरा पौंडी, म्हणजे तेवढाच ताण सोसणारी. हलक्या सामानावर मोठा मासा खेळवण्यात कसब आहे म्हणतात. असेल. पण ते कसब माशाच्या जिवावर चालतं. जितका जास्त वेळ झुंज, तितकं त्याच्या स्नायूंत आम्ल साचतं, आणि सोडल्यानंतर तासाभराने, कधी दिवसाने, कुणी बघत नसताना तो मरतो. मी तीस पौंडाखाली दोर लावू देत नाही. त्या दिवशी तेही बघायचं राहिलं होतं. चौदा मिनिटं लागली.

मासा रबरी जाळ्यात आला तेव्हा मला गऱ्या दिसल्या. पुढची तिहेरी जबड्याच्या कोपऱ्यात, मागचीचं एक टोक गालफडाच्या कडेला आणि दुसरं जाळ्यात. जाळं पाण्यातच ठेवून मी होडीवर ओणवा झालो. चोणकाच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते. कल्ल्यात बोट घालायचंच नाही, त्याच्यासाठीही आणि आपल्यासाठीही. उलटा काटा असलेली गरी ओढून काढली तर मांस घेऊन येते, म्हणून मी कटर मागितला आणि गरीच तोडली. दोन ठिकाणी टक् टक्. तुकडे सुटून आले. सर म्हणाले, "बाराशेचा होता हो तो." मी काही बोललो नाही.

होडीच्या बाहेरच्या अंगाला मी रंगाने खुणा केल्यात, मासा पाण्यात ठेवूनच मोजता येतो. एकशे तीन सेंटिमीटर. वजन बाराएक किलो धरा.

आता फोटो. फोटोची माझी पद्धत सोपी आहे. हात ओले करायचे, एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा, पाण्यावर वीतभर. आणि ज्याने धरलाय त्याने स्वतःचा श्वास रोखायचा. त्याचा श्वास संपला की मासा पाण्यात. हे समजावत मी जाळं धरून होतो. तेवढ्यात सरांनी कमरेला लटकवलेला, मासा धरायचा चिमटा हातात घेतला, जबड्यात अडकवला आणि उभे राहून मासा उचलला. उभा, लोंबता, सगळं वजन जबड्यावर आणि मणक्यावर. पाण्यात त्याला पाणी तोलून धरतं. असं टांगायला त्याचं शरीर बनलेलंच नाही.

त्याने एक हिसडा दिला आणि चिमट्यासकट होडीत पडला.

मागच्या भागावर मी दर अर्ध्या तासाने बादली ओततो, पण तो पडला पुढे, कोरड्या, तापलेल्या फायबरवर. तिथे पायसुद्धा ठेववत नव्हता. दोन-तीनदा उडाला. उचलला तेव्हा खाली रुपयाएवढे चार खवले आणि अंगावरच्या बुळबुळीत थराचा तळहाताएवढा पट्टा चिकटून राहिला होता, उन्हात चकाकत. तो थर म्हणजे त्याची कातडीवरची कातडी. तो गेला की पाण्यातली बुरशी नि जंतू आत शिरायला मोकळे. म्हणूनच कोरड्या हाताने, फडक्याने धरायचं नसतं.

पाण्यात सोडला तर उलटा झाला. पांढरं पोट वर.

पहिल्या वर्षी अशाच एकाला मी मारलाय. टांगून सहा फोटो काढू दिले, मग शेपटी धरून पाण्यात पुढे-मागे, पुढे-मागे ढकलला, जसं सगळे करतात. तो गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सुकतीला कांदळाच्या मुळांत अडकलेला दिसला, तोच, जबड्याच्या खुणेसकट. मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं, हे मला नंतर कळलं.

या वेळी मी उडी मारली. बाजूला रेतीचा उंचवटा होता, कमरेइतकं पाणी. तोंड सुकतीच्या धारेकडे करून त्याला सरळ धरला, एक हात पोटाखाली, दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या जबड्यात, तोंड थोडं उघडं राहील असा. बाकी काम पाण्याचं. आपण फक्त उभं राहायचं.

डोक्यात मात्र आकडे फिरत होते. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ साली रेनबो ट्राउट दमवून बघितले होते. नुसते दमवलेले १२ टक्के मेले. दमवून तीस सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के. एक मिनिट ठेवलेले ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला, चोणक आमच्या चिखलातला रांगडा, आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, हे मला कळतं. पण हा किती वेळ बाहेर होता? चाळीस सेकंद? पन्नास? कल्ले हलत होते, पण कसे, तर झोपेत कुणी कूस बदलावी तसे.

दहा मिनिटं झाली असतील. वाडीतला आबा होडी वल्हवत आला, पुढ्यात पाग, म्हणजे फेकायचं जाळं ठेवलेलं. जवळ येऊन थांबला. मला बघितलं, माझ्या हातातलं बघितलं.

"काय रे झिला, माशाक पोवाक शिकयतंस काय?"

"दमलोहा तो, आबा."

"दमयलो कोणी?"

याला उत्तर नव्हतं. होडीत सर दुसरीकडे बघत होते. आबाने विडी काढली. "आमी धरतंव ता पोटाक. खेळवन सोडूचो, तर धरूचोच कित्याक?"

हा प्रश्न आबाचा एकट्याचा नाही. एकदा एका जर्मन पाहुण्याने सांगितलं होतं की त्यांच्याकडे निव्वळ मजेसाठी मासा पकडून सोडणं प्राण्यांच्या कायद्यात बसत नाही, सबळ कारण लागतं, आणि खाणं हे कारण. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्याच इराद्याने पकडायला २००९ पासून बंदी आहे. देवबागचा आबा आणि तिथला कायदा एकाच मताचे निघाले, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. त्या दिवशी पाण्यात आलं नाही. माझं उत्तर एवढंच आहे की हा चोणक बाजारात गेला असता तर एकदाच विकला गेला असता, खाडीत राहिला तर त्याच्यासाठी दहा माणसं माझ्या होडीत बसतील, आणि पावसात तो अंडी टाकेल ते आबाच्या पागालाही मिळेल. उत्तर खरं आहे. त्यात माझी कमाई आहे, हेही खरं.

आबा गेला नाही. वल्हं रेतीत रोवून त्याने होडी माझ्या वरच्या अंगाला आडवी धरली, तिची सावली आमच्यावर पडेल अशी. मला बोलला काही नाही. विडी ओढत राहिला.

कल्ल्यांची हालचाल हळूहळू खोल होत गेली. मग त्याच्या पाठीवरचा काटेरी पर उभा राहिला. मी पोटाखालचा हात काढून बघितला. तिरका झाला नाही. आणि मग त्याने माझा अंगठा चावला. चोणकाला सुळे नसतात, खरखरीत कानशीसारखे दात असतात. पण पकड अशी की मी "आयो" म्हणालो. हीच खूण. चावायची ताकद आली की धरून ठेवायचं नाही. अंगठा सोडवला तशी शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून तो खोल पाण्यात गेला. एकूण बावीस मिनिटं.

"गेलो," आबा म्हणाला आणि वल्हं उचललं.

होडीत चढलो तर सरांनी फोन दाखवला. फोटो एकच आला होता. हवेत मासा, खाली माझं उघडं तोंड. "नीट नाही आला ना?" म्हणाले. मी म्हटलं, मला तर बरा वाटतोय.

पुढच्या तीन सुकत्यांना मी कांदळाच्या कडेने चक्कर मारली. मेलेला चोणक दिसला नाही. दिसला नाही म्हणजे जगला असं नाही, खाडीत खेकडे आहेत, वर घारी आहेत.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने ताटात सुंगटांचं तिखलं वाढलं. पहिलाच घास कालवला आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत आग गेली. मी बोटं फुंकायला लागलो.

"बारा किलोचो चोणक सोडून इलंस," आई म्हणाली, "आता चमच्यान जेव."