खानापूरचे दोन माठ

मावशी बेळगावात कॅम्पात राहते. गेल्या महिन्यात चार दिवस तिच्याकडे होतो. रविवारी तिच्याबरोबर चर्चमध्ये मराठी उपासनेला गेलो. पाळकांनी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय घेतला होता. देव संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी जायला सांगतो, चाकावरचं भांडं बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो. आपण माती, तो कुंभार. लहानपणापासून दहा वेळा तरी ऐकलं असेल. दुपारी भात वाढता वाढता मावशी म्हणाली, "सगळे म्हणतात कुंभाराच्या घरी जा, जा. गेलंय कोण? खानापूर काय लांब हाय व्हय?"

लांब नाहीच. बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सोमवारी सकाळची गाडी पकडली. देसूर, इदलहोंड, मग खानापूर. स्टेशनांवर पाट्या कन्नड, डब्यातल्या गप्पा मराठी, आणि तिकीट तपासनीस दोन्हीत ओरडत होता. सीमाभागात याचं कुणाला नवल वाटत नाही. इदलहोंडच्या पुढे झाडी दाट व्हायला लागते, मातीचा रंग बदलतो. खिडकीशेजारच्या आजोबांनी न विचारता सांगितलं, "खानापूरची माती. कौलं म्हणा, मडकी म्हणा, सगळं हितलं." मलप्रभा इथून वाहते; तिचा उगमही याच तालुक्यात, कणकुंबीला. पुढे कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही याच गावात आहे, पण मी तिकडे गेलो नाही. मला कुंभाराचं घर हवं होतं.

विचारत विचारत एका अंगणात पोचलो. काकू थापटणं घेऊन बसल्या होत्या, काका चाकावर.

इथेच माझा पहिला गैरसमज फिटला. मला वाटायचं, माठ चाकावरून गोल गरगरीत, तयार होऊनच उतरतो. काकांनी उतरवलेलं जे काही होतं त्याला गळा होता, काठ होता, पण भिंत बोटभर जाड आणि खाली बूडच नाही. ते जरा सुकल्यावर काकूंकडे येतं. त्या डावा हात आत घालतात, त्या हातात गुळगुळीत दगड. उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून थापट्या. थप, थप, थप. भांडं मांडीवर फिरत राहतं, भिंत पातळ होते, पोट फुगत जातं आणि हळूहळू खालचं भोक मिटतं. मी बघत असताना थापटणं एकदाही चुकलं नाही. जिथे आत दगड, बाहेरून मार नेमका तिथेच.

झालं. माझ्या डोक्यात प्रवचन सुरू. मार बाहेरून, हात आतून, आणि आपलं आयुष्य वगैरे. आम्हा ख्रिस्ती घरांतल्या लोकांना ही खोडच असते. चहात माशी पडली तरी वचन आठवतं. मी काकूंना विचारलं, "आत हात नसला तर फुटेल ना?"

"फुटत न्हाई वो, चपटं हुतंय," काकू म्हणाल्या. माझं प्रवचन तिथेच चपटं झालं.

मग काकांच्या हातून एक गळा खरंच वाकडा झाला. त्यांनी तोंडही वेडंवाकडं केलं नाही. गोळा दाबला, बाजूला ओल्या गोणपाटाखाली टाकला. "परत घेणार?" मी विचारलं. "घेणार की. ओली हाय तवर काय बी करा. भाजल्यावर काय करतासा?"

हे वाक्य घेऊन मी बराच वेळ बसलो. अठराव्या अध्यायानंतर एकोणिसावा आहे आणि त्यावर मी तरी प्रवचन ऐकलेलं नाही. तिथे यिर्मया कुंभाराकडून भाजलेली मातीची सुरई विकत घेतो, यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात वडीलधाऱ्यांसमोर ती फोडतो आणि सांगतो की ही जशी पुन्हा सांधता येणार नाही, तसंच या लोकांचं आणि या नगराचं होईल. माती तीच, मधे फक्त भट्टी. दादाशी माझं दोन वर्षं बोलणं नाही. घराच्या वाटणीवरून. कुणी विचारलं की मी म्हणायचो, देव घडवतोय त्याला, वेळ लागेल. छान वाटायचं असं म्हणायला.

निघताना दोन माठ घेतले. काकूंनी प्रत्येकावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकवला. मला गोरोबा काका आठवले. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून बघितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, ती गोष्ट. मी निवडलेला एक माठ खणखणला. दुसऱ्याचा आवाज जरा बद्द आला, पण त्याच्या पोटावर धुराचा सुंदर काळा पट्टा होता. काकू म्हणाल्या, "ह्यो नको, दुसरा बघा." मी ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. बेळगाव स्टेशनवर उतरताना पाहिलं तर पट्ट्याच्या माठाला काठापासून पोटापर्यंत चीर गेलेली. कुणाचा धक्काही लागला नव्हता. रिक्षात ठेवताना त्याचे तीन तुकडे झाले.

मावशी हसली नाही, रागावलीही नाही. तुकडे उचलून मागच्या अंगणात गेली. जास्वंदीची नवी कुंडी भरायची राहिली होती. एक वाकडं खापर तिने कुंडीच्या तळच्या भोकावर पालथं ठेवलं, म्हणजे पाणी निथळतं आणि माती वाहून जात नाही. वर माती ओढली, रोप लावलं.

"आणि हा चांगला कुणाचा?" हात धुता धुता तिने विचारलं.

"दादाचा," मी म्हटलं.

"मग भरून ठेव रात्रभर," ती म्हणाली. "नवा माठ आधी पाणी पितो."