पहारा आधी की खुर्ची आधी?

पर्यावरण अहवालांचे मराठीत भाषांतर करण्याचे आणि प्रकल्पाविषयीच्या जनसुनावणीच्या आधी ते गावात बसून वाचून दाखवण्याचे काम मी गेली पंधरा-सोळा वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत करते आहे. हे कळले, की लोक बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच एक प्रश्न विचारतात. मागच्या महिन्यात एका वाचनालयात बोलून झाल्यावर एका निवृत्त अभियंत्यांनी तो फार नेमकेपणाने मांडला, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते : “जंगल, नदी, खाडी यांच्यासाठी पुढे होऊन लढणाऱ्यांचा जीव वाचला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. त्यांना संरक्षण द्या. पण हवामान बदल हा शास्त्रज्ञांचा आणि सरकारचा विषय आहे. तिथल्या निर्णयात या लोकांना खुर्ची हवी, हा तुमचा आग्रह कशासाठी?” त्या वेळी मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले. घरी आल्यावर ते अपुरे वाटत राहिले.

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे : संरक्षण आणि सहभाग या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि पहिली पुरी झाली की दुसरीचा विचार सवडीने करता येईल. मला हेच मान्य नाही. माणसाच्या जिवाला धोका नेमका केव्हा निर्माण होतो, ते पाहावे. जागा ठरलेली असते, पैसा गुंतलेला असतो, जमिनींचे व्यवहार होऊन गेलेले असतात, कंत्राटे कोणाला जाणार याची चर्चा तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर चाललेली असते, आणि अशा वेळी एक बाई किंवा एक मच्छीमार उठून ‘नाही’ म्हणतो. त्या एका शब्दाची किंमत आता कोणाला तरी कोट्यवधी रुपयांत मोजावी लागणार असते. तोच शब्द दोन वर्षे आधी, चार जागांचे पर्याय अजून कागदावर होते तेव्हा विचारला गेला असता, तर तो एक सल्ला ठरला असता आणि सल्ला देणाऱ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. धोका माणसाच्या स्वभावातून येत नाही. त्याला किती उशिरा विचारले गेले, त्यातून तो येतो.

राजापूर तालुक्याचे उदाहरण माझ्या सर्वांत जवळचे आहे. वर्षाला ६ कोटी टन कच्चे तेल शुद्ध करणारा कारखाना आधी नाणारला येणार होता. तिथली भूसंपादनाची अधिसूचना लोकांच्या विरोधामुळे २०१९ साली मागे घेतली गेली आणि पुढे बारसू-सोलगावच्या सड्याचे, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठाराचे, नाव पुढे आले. एवढा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभारायचा की नाही, हा पुढच्या कित्येक दशकांच्या इंधनाचा, म्हणजेच हवामानाचा निर्णय आहे. तो कोणत्या खोलीत, कोणासमोर झाला? आसपासच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. ते ठराव ज्या खोलीत निर्णय होत होता तिथपर्यंत पोचले असतील, तर त्यांचे काय झाले हे गावाला कोणी सांगितले नाही. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रे आली, मनाई आदेश लागू झाले, बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, शंभराहून अधिक जणांना ताब्यात घेतले गेले आणि २८ एप्रिलला अश्रुधुराची नळकांडी फुटली. त्याआधी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, या प्रकल्पाविषयी सातत्याने लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापूरजवळ एका गाडीने चिरडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला.

वारिशेंच्या घराबाहेर पोलीस असते तर ते वाचले असते का, असे मला विचारतात. कदाचित वाचले असते. पण पोलीस किती जणांच्या घराबाहेर बसवणार आणि किती वर्षे? शिवाय, ज्या यंत्रणेने एका हाताने जमावबंदीचा आदेश काढायचा तिनेच दुसऱ्या हाताने संरक्षण द्यायचे, यातली अडचण गावातल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगली कळते. पश्चिम घाटासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये नेमलेल्या, डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रत्नागिरी जिल्ह्याविषयी एक नोंद केली आहे. लोटे परिसरातल्या रासायनिक प्रदूषणाविषयी लोकांचे म्हणणे समितीने ऐकले, आणि त्याच संदर्भात लिहिले, की २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात तब्बल १९१ दिवस सभा-जमावांवर बंदी होती. मी हा आकडा गावागावांत वाचून दाखवते. तो ऐकून कोणाला आश्चर्य वाटलेले मी पाहिले नाही. ज्यांना एकत्र जमून बोलण्याचीच परवानगी नाही, त्यांना आपण नेमके कशापासून संरक्षण देणार आहोत?

याच समितीने सुचवले होते, की कोणता भाग किती जपायचा हे वरून लादू नये, ग्रामसभांमध्ये चर्चा होऊन ठरावे. आणि हाच अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाल्यावर ज्यांनी तो वाचायचा त्या ग्रामसभांपासून दूर ठेवला गेला. माहिती अधिकाराखाली अर्ज झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला, तोही इंग्रजीत. त्याचे उतारे मराठीत करायला बसले तेव्हा माझ्या मनात राग होता, हे मी लपवत नाही.

“गावकरी फक्त विरोध करतात” असे म्हणणाऱ्यांना मी सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतली २५ गावे दाखवते. त्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव करून मागणी केली, की आमचे गाव पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, म्हणजे खाणीसारख्या कामांवर तिथे निर्बंध येतील. त्या पट्ट्यात वाघांचा वावर आहे, आणि तिथल्या नद्यांच्या उगमांवर खाली गोव्यापर्यंतचे पाणी अवलंबून आहे. हवामानाच्या भाषेत सांगायचे, तर उभे जंगल राखण्याचा निर्णय या लोकांनी घेऊन टाकला होता आणि सरकारने फक्त ‘हो’ म्हणायचे होते. त्या ‘हो’साठी मुंबई उच्च न्यायालयाला २०२४ मध्ये निर्देश द्यावे लागले. मधली वर्षे त्या गावांतल्या ज्या कार्यकर्त्यांनी काढली, त्यांनी ती न्यायालयाच्या तारखा, खाणसमर्थकांचे टोमणे आणि नात्यातले अबोले सोसत काढली. अबोल्यांचा उल्लेख मुद्दाम करते आहे, कारण पुढे होणाऱ्या माणसाला पहिला मार बाहेरच्यांकडून बसत नाही. “तुझ्यामुळे पोराची नोकरी गेली” हे वाक्य सख्ख्या चुलत्याच्या तोंडून येते.

त्याच दोडामार्ग तालुक्यात कळणे हे गाव आहे. डोंगर फोडून काढलेली लोहखनिजाची खाण आपल्या पाण्यावर आणि शेतीवर येईल, हे तिथले लोक खाण सुरू होण्याच्या आधीपासून सांगत होते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खाणीचा भाग ढासळला आणि तिथे साठलेले पाणी-चिखल गावात आणि शेतात शिरले. अभियंते साहेब, आपण हवामान बदलाला शास्त्रज्ञांचा विषय म्हणता. पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळू लागला आहे हे शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले, आणि त्यांचे ऋण मी मानते. पण तो कोसळलेला पाऊस कळणे गावाच्या कोणत्या उतारावरून कोणाच्या अंगणात येईल, हे मोजण्याचे यंत्र तिथे राहणाऱ्या माणसापाशीच होते. दोन्ही ज्ञाने एका टेबलावर आली असती, तर खाणीचा आराखडा मंजूर करणाऱ्यांना निदान प्रश्न तरी विचारावे लागले असते.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातील लेंका या आदिवासी समाजातल्या बर्ता कासेरेस यांची गोष्ट मी नेहमी सांगते, कारण ती आपल्या प्रश्नाला थेट भिडते. ग्वालकार्के नदीवर आग्वा सार्का नावाचे जलविद्युत धरण होणार होते. कोळसा नाही, तेल नाही, अगदी ‘स्वच्छ ऊर्जा’. लेंका लोकांना विचारले मात्र नव्हते, आणि विचारण्याचे बंधन त्या देशाने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय करारात होते. बर्ता यांना संरक्षण द्यावे, असे आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने होंडुरास सरकारला २००९ मध्येच सांगितले होते. २०१५ मध्ये त्यांना पर्यावरण कार्यासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, जगभर नाव झाले. २ मार्च २०१६ च्या रात्री त्यांच्या राहत्या घरात त्यांचा खून झाला. धरण बांधणाऱ्या कंपनीच्या माजी प्रमुखाला पुढे या कटात दोषी ठरवण्यात आले. संरक्षणाचा आदेश होता, कीर्ती होती. ज्या टेबलावर धरणाचा निर्णय झाला तिथे जागा तेवढी नव्हती. आणि युरोपातल्या वित्तसंस्थांनी पैसे थांबवले ते खुनानंतर. तो हात आधी थांबला असता तर, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने २०१२ ते २०२३ या काळात जमीन आणि पर्यावरण राखणाऱ्या २,१०० हून अधिक माणसांच्या हत्या नोंदवल्या आहेत; एकट्या २०२३ सालच्या १९६. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी २०१८ मध्ये कोस्टारिकातल्या एस्काझू इथे एक करार केला आणि तो २२ एप्रिल २०२१ रोजी अमलात आला. पर्यावरणाची माहिती मिळण्याचा हक्क, निर्णयात सहभागाचा हक्क, न्यायाचा हक्क आणि पर्यावरण रक्षकांचे संरक्षण या चारही गोष्टी त्यात एकाच दस्तऐवजात बांधल्या आहेत. ज्या खंडाने सर्वाधिक माणसे गमावली, त्या खंडाला संरक्षण आणि सहभाग सुटे ठेवता येत नाहीत हे कळले. आशियात असा करार नाही.

आपल्याच देशात मात्र एक उदाहरण आहे, आणि ते मला आशा देते. ओडिशातल्या नियमगिरीच्या माथ्यावर बॉक्साइट काढायचे की नाही, हे डोंगरिया कोंध आदिवासींच्या ग्रामसभांनी ठरवावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये १२ गावांत सभा झाल्या आणि प्रत्येक सभेत जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचे निरीक्षक हजर राहिले. बाराही गावांनी नकार दिला, आणि पुढे मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. नकार देणारा एकटा पुढारी नव्हता, सगळे गाव होते. तो अंधारात कुजबुजलेला नव्हता, न्यायाधीशांसमोर नोंदलेला होता. आणि मुख्य म्हणजे तो निर्णायक ठरला, म्हणून नकार देणारा एखादा माणूस हटवून काही साधणार नव्हते. खुर्चीच पहारा कशी होते, ते मला इथे दिसते. नियमगिरीच्या कार्यकर्त्यांचा त्रास त्यानंतर संपला असे मी म्हणणार नाही, तो संपलेला नाही. पण तो डोंगर आजही उभा आहे.

खुर्ची म्हणजे मला काय अभिप्रेत आहे, हेही सांगायला हवे, कारण हार-तुरे देऊन एका आदिवासी बाईंना परिषदेच्या व्यासपीठावर बसवणे म्हणजे सहभाग, अशी समजूत रूढ होत चालली आहे. माझी मागणी त्याहून रुक्ष आहे. कागद वेळेवर आणि आपल्या भाषेत मिळावेत. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच काढला गेला, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत तो द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. जनसुनावणीची नोटीस ज्या मसुद्याने ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणू पाहिली, तोच हा मसुदा. चारशे पानांचा अहवाल भाषांतरित करून पाच वाड्यांत वाचायला वीस दिवस पुरत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. राज्याचा आणि जिल्ह्याचा हवामान आराखडा होताना मच्छीमार, बागायतदार, धनगर आणि कातकरी वस्त्यांतली माणसे मसुदा लिहिला जात असतानाच तिथे हवीत, आणि त्यांचे म्हणणे का नाकारले याचे लेखी उत्तर त्यांना मिळायला हवे.

याच मूल्यांकनाच्या २००६ च्या मूळ अधिसूचनेत एक बारीक तरतूद आहे, जी क्वचितच कोणी वापरते : सुनावणीत झालेल्या बोलण्याचा गोषवारा त्याच दिवशी, शेवटी, लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि मग त्यावर सह्या व्हायच्या. काही वर्षांपूर्वी एका सुनावणीत संध्याकाळचे सात वाजून गेले होते, मंडप अर्धा रिकामा झाला होता आणि अधिकारी निघण्याच्या तयारीत होते. आम्ही काही जणांनी त्या तरतुदीची प्रत पुढे केली आणि वाचनाचा आग्रह धरला. गोषवारा वाचला गेला : ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.’ मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. दिवसभरात त्या तीन मिनिटे बोलल्या होत्या, सड्याखालच्या झऱ्याविषयी, तो मे महिन्यातही कसा आटत नाही आणि त्यावर किती घरे पाणी भरतात याविषयी. त्या म्हणाल्या, “साहेब, माझो झरो खंय गेलो ह्याच्यात?” काही क्षण कोणी काही बोलले नाही. मग कारकुनाने टोपण काढले आणि आजींना झऱ्याचे नाव विचारून, त्या सांगतील तसे, समासात लिहून घेतले.