खळ ओली राहिली

'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकाची तालीम सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. विली, म्हणजे भुतं झालेल्या नर्तकींपैकी एक विंगेत आली; बूटखोली माझ्याकडे, म्हणून बूट काढून माझ्या हातात दिला. पुढचा डबा, म्हणजे बोटांभोवतीचा कडक भाग, अंगठ्याने दाबला तर भिजल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. पाठोपाठ आणखी दोघी आल्या.

पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या टोकांवर नाचायचे बूट. त्यांच्या टोकात लाकूड असतं असं पुष्कळांना वाटतं. नसतं. गोणपाट आणि कागदाचे थर, मध्ये खळ, वरून सॅटिन. हातानं बनवलेला बूट आधी उलटा शिवतात, मग सुलटा करतात. खळीचा वैरी पाणी. नुसत्या घामानेही ती मऊ पडते, म्हणून वापरलेला जोड दिवसभर वाळल्याशिवाय आम्ही पुन्हा पायात घालू देत नाही.

आमची 'जिझेल' नव्या मांडणीची. 1841 च्या मूळ बॅलेतल्या विली म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं, पांढऱ्या झग्यातली. कथकात घडलेले नृत्यरचनाकार अक्रम खान यांनी 2016 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी त्यांना कापड कारखान्यातल्या कामगार बायका केलं, हातात लांब काठ्या दिल्या आणि बराच वेळ पायाच्या टोकांवर ठेवलं. आमच्याही विली टोकावरून फारशा उतरत नाहीत. सगळा भार डब्यावर.

त्यात वेशभूषेला गुलाबी चमक नको, राखाडी हवी. ओल्या स्पंजने पॅनकेकचा, म्हणजे मेकअपच्या वडीच्या रंगाचा, एकच पातळ हात द्यायचा, हा आमचा नियम. रंग फिका वाटतो म्हणून आदल्या रात्री दुसरा हात मारायला लावला. सकाळी बूट वरून कोरडे लागले, आत खळ ओलीच. रंग ठरवणारे बूटखोलीला आधी विचारत नाहीत, हे दर निर्मितीत होतं आणि मला ते पटत नाही.

उरलेली तालीम गुलाबी जोडांवर झाली. आता डब्याच्या आत आधी चपड्याचा, म्हणजे पातळ केलेल्या लाखेचा हात, तो रात्रभर वाळवायचा, मग स्पंज घट्ट पिळून रंग. टोकाच्या चपट्या भागावर रंग नाही. तिथे जाड सुती दोऱ्याचं रफू, पाय घसरू नये म्हणून.

चपड्याने बूट टिकतो, पण वाजतो. जुन्या 'जिझेल'साठी आम्ही टोकं हातोडीने ठोकून मुकी करायचो, भुताचं पाऊल ऐकू येऊ नये म्हणून. इथे नृत्यरचनाकार म्हणाले, वाजू द्या, या कामगार बायका आहेत. कथकात पाऊल वाजावंच लागतं, तेही खरं. तरी दुसऱ्या अंकात ती टकटक सुरू झाली की माझा हात हातोडीकडे जातो.