फणसाच्या फळ्या, 32 सीसीचं मशीन आणि चेनची निवड

वाडीतला जुना फणस निसर्ग वादळात (3 जून 2020) मुळासकट आडवा झाला. ओंडका रस्त्यापासून इतका आत की टेम्पो तिथवर जाईना, मग वखारीत नेणार कसा? 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत फणस येतो, त्यामुळे आधी वनखात्याचे कागद करून घेतले. फळ्या जागेवरच पाडायचं ठरवलं. हाताशी होतं ते 32 सीसीचं, 16 इंची बारचं चेनसॉ मशीन (बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी). बारला बसणारी मिलची चौकट आणली, म्हणजे ओंडक्यावर सरकवत सारख्या जाडीच्या फळ्या पाडायची. ती बारची दोन्ही टोकं धरून बसते, त्यात तीन-चार इंच जातात, म्हणजे कापायला उरतात बारा इंच. एकसंध फळीचा झोपाळा करायचा बेत तिथेच बाद झाला. दोन फळ्या जोडून करायचा, हे आधीच मान्य केलं.

मशीनसोबत येणारी चेन लाकूड आडवं तोडण्यासाठी असते. दातांची वरची धार 30 अंशांत तिरकी असल्याने आडवे धागे ती सपासप तोडते. फळी पाडताना मात्र ओंडक्याच्या लांबीने पुढे जायचं असतं आणि दात सतत धाग्यांच्या टोकांवर चालतात. भुश्याचे तुकडे पडत नाहीत, पिठासारखी पूड उडते. त्या चेनने पाडलेली पहिली फळी बघून सुतार म्हणाला, "काका, एवढा रंधा मारायचा तर माझी मजुरी फळीपेक्षा जास्त होईल." चेनच्या ओरखड्यांत बोटाचं नख अडकत होतं.

म्हणून रिपिंग चेन, म्हणजे लांबीने फळ्या पाडायची चेन, शोधायला निघालो. तिच्या दातांचा कोन 10 अंशांच्या आसपास असतो. पण चेन घेताना आधी जुळावे लागतात तीन आकडे, कोन त्यानंतर. पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्यांची, संख्या. ते बहुधा बारवरच कोरलेले असतात, चिकट तेल पुसलं की दिसतात. माझे निघाले पिच 3/8 इंच लो प्रोफाइल (बुटक्या दातांची चेन), गेज 0.050 इंच म्हणजे 1.3 मिमी, आणि लिंका 55. आकडे झिजले असतील तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी.

तालुक्याच्या बाजारात मिळतात त्या बहुतेक चेन 58 सीसीच्या 22 इंची मशीनच्या, 0.325 पिच आणि 86 लिंकच्या. "तोडून जोडून देतो" असं दुकानदार आपुलकीने म्हणतो, पण पिच वेगळा असेल तर लिंका कमी करून काय उपयोग? क्लचजवळचं चक्र आणि बारच्या टोकाचं चक्र, दोन्ही त्याच पिचचं लागतं. शेवटी पुण्याहून मापाची चेन मागवली.

छोट्या मशीनला लो प्रोफाइल हेच वरदान आहे, असं माझं ठाम मत झालंय. तिचा काप अरुंद, पाऊण सेंटिमीटरच्या आत, म्हणजे इंजिनाला ओढावं लागणारं लाकूड कमी. जाड चेन लावली की 32 सीसीचा जीव घुसमटतो. दातांत फुल चिझल (टोकदार कोपऱ्याचे) आणि सेमी चिझल (गोलसर कोपऱ्याचे) असे दोन प्रकार मिळतात. फुल चिझल ताजी असताना जोरात चालते, पण सालीत माती असली की लगेच बोथट होते. वादळात लोळलेल्या ओंडक्याच्या सालीत चिखल घट्ट बसलेला, म्हणून सेमी चिझल घेतली, शिवाय साल कोयत्याने तासून काढली.

रिपिंग चेनने वेग फारसा वाढला नाही. पृष्ठभाग मात्र इतका सुधारला की नख अडकेना आणि सुताराचीही कुरकुर थांबली. वेगाचं खरं गणित धारेत आहे. प्रत्येक फळीनंतर 4 मिमीची गोल कानस, कानशीच्या गाइडवरच्या 10 अंशांच्या रेषेला धरून, प्रत्येक दाताला तेवढेच हात. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप एका अंगाला सरकतो आणि फळी वाकडी निघते. दातापुढचा डेप्थ गेज, म्हणजे घास किती खोल घ्यायचा ते ठरवणारा उंचवटा, दातापेक्षा 0.025 इंचच खाली ठेवला. जास्त उतरवला तर दात मोठा घास घेतो आणि मशीन बंद पडतं. आणि हो, फणसाचा चीक. तो चेनवर भुश्यासकट थापला जातो, आधी रॉकेलच्या फडक्याने पुसल्याशिवाय कानस घसरते. हाताला खोबरेल लावायचं, हे कोकणात सांगायला नको.

पूर्ण थ्रॉटलवर लांब काप घेताना चेन तापून सैल पडते. घट्ट करावीच लागते, पण काम संपल्यावर आठवणीने सैल करा, कारण थंड होताना आखडते आणि बारला आवळते. काप संपला की मशीन लगेच बंद न करता थोडं संथ चालू द्यायचं. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, ती पूड फार बारीक असते. चांगला मास्क घ्या, कानाला मफ घ्या.

नवीन चेन घ्यायचीच, असंही नाही. जुनी, आडवं तोडायची चेन दर धारेला थोडी थोडी करत 10 अंशांवर आणता येते, दात खर्ची पडतात एवढंच. एखाद-दुसरा ओंडका असेल तर मी तेच करेन. आडवं तोडायला मात्र मूळ कोनाची एक चेन वेगळी ठेवा, दहा अंशांची चेन फांद्यांना कंटाळवाणी लागते.