जुलाब, जुना कोलायटिस आणि कॅन्सरचे नवे औषध

मला बऱ्याच वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा जुना दाह) आहे आणि माझ्या थोरल्या चुलतभावाला तोंडाच्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब हे औषध चालू आहे. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावण्याचे काही कारण नव्हते. परंतु दादाच्या औषधाचे दुष्परिणाम समजून घेण्यासाठी वाचायला बसलो, तेव्हा त्या यादीत माझाच आजार वेगळ्या नावाने भेटला. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तरीही या संशोधनातले जे दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या रोजच्या उपयोगाचे आहे, ते मराठीत मांडावेसे वाटले.

शरीरातील टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पेशी, एकदा चवताळल्या की त्यांना वेळीच आवर घालावा लागतो आणि त्यासाठी त्यांच्याच पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यांपैकी दोन. कॅन्सरच्या पेशी या व्यवस्थेचा गैरफायदा घेऊन स्वतःवरचा हल्ला थोपवतात. ही प्रथिने औषधाने अडवली तर टी पेशी पुन्हा गाठीवर तुटून पडू शकतात. जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. मात्र धोक्याची सूचना त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जन्मतःच सीटीएलए-४ नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत दगावले, कारण त्यांच्याच टी पेशींची बेसुमार वाढ होऊन त्या एकेका अवयवात शिरल्या होत्या. पुढे सीटीएलए-४ अडवणाऱ्या इपिलिमुमॅबला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा ते घेणाऱ्या साधारण तिघांपैकी एकाला जुलाब होतात, हे चाचण्यांतून दिसलेले होते. पीडी-१ अडवणाऱ्या औषधांत (दादाचे निव्होलुमॅब त्यांतलेच) हे प्रमाण बरेच कमी आहे. दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिली तर त्रास सर्वांत जास्त होतो.

आतड्यालाच हा फटका का बसावा, याचे उत्तर आतड्याच्या कामात आहे. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करत राहणे हे तिथल्या टी पेशींचे रोजचे काम असते. आवर सुटला की हे दुर्लक्ष संपते. २०२० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या आतड्यातील पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा हल्ला करणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच पेशी त्याच अस्तरात आधीपासून मुक्काम ठोकून असलेल्या टी पेशींपासून तयार झालेल्या आढळल्या. शत्रू बाहेरून येण्याची गरजच नव्हती. काही रुग्णांना औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत त्रास का होतो, हे यावरून बरेचसे उलगडते.

दुर्बिणीतून पाहिले तर हा कोलायटिस आणि माझा कोलायटिस पुष्कळदा सारखेच दिसतात: अस्तर लालसर, सुजलेले, कधी व्रण पडलेले. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. माझ्यासारख्या जुन्या रुग्णाच्या, तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात ग्रंथींची मूळची सरळ रांग वेडीवाकडी झालेली असते. औषधाने नुकत्याच झालेल्या दाहात ती रांग बहुधा शाबूत असते आणि तीव्र दाहाच्या खुणा तेवढ्या दिसतात. काही रुग्णांत तर दुर्बिणीला सगळे ठीक दिसते आणि तुकडा मात्र दाह दाखवतो. म्हणून अस्तर चांगले दिसले तरी तुकडे घ्यावेत, असे तज्ज्ञ सांगतात, आणि माझ्या मते हा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांनाही ठाऊक असलेला बरा.

दादाला मिळणारा डोस कमी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके-मान भागाच्या, बरा न होण्याच्या टप्प्यातील कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, सोबत कमी मात्रेच्या केमोच्या गोळ्या, असा प्रयोग केला. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होते, निव्होलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो, हे लक्षात घेतले म्हणजे खर्चातला फरक वेगळा सांगावा लागत नाही. ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोघांचे भागते. तंबाखू आणि माव्याने ज्या भागात इतकी तोंडे खराब केली, तिथे (तंबाखूसाठी ओळखली जाणारी निपाणी इथून किती लांब?) या अभ्यासाचे मोल फार आहे.

मध्यंतरी एके दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, ह्यांना सकाळपासनं चारदा झालंय. मेडिकलमधनं थांबायची गोळी आणू का?” मी म्हटले, गोळी नको, आधी कॅन्सर केंद्रातल्या सिस्टरना फोन करा आणि आकडा सांगा. ‘जुलाब होतायत’ असे म्हणण्यापेक्षा हा आकडा कितीतरी मोलाचा असतो, कारण डॉक्टर तीव्रता ठरवतात ती नेहमीपेक्षा किती वेळा जास्त झाले यावरून: दिवसाला चारपेक्षा कमीने वाढ झाली तर सौम्य, चार ते सहाने वाढली तर मध्यम, सात किंवा त्याहून जास्त वाढली तर गंभीर. माझ्यासारख्याचे ‘नेहमी’च दोन-तीन वेळा असते, त्यामुळे ते आधी कुठेतरी लिहून ठेवलेले नसेल तर हा हिशेब चुकतो. दादाला झालेला त्रास अखेर साध्या संसर्गाचा निघाला आणि दोन दिवसांत थांबलाही. परंतु हे शौचाच्या तपासणीनंतर ठरले, गोळीने जुलाब दाबल्यावर ठरवणे अवघड गेले असते.

त्रास खरोखरच औषधाचा निघाला, तर उपचाराची वाट माझ्या आजाराच्याच वाटेने जाते. मध्यम किंवा गंभीर दाहात आधी स्टेरॉइड, तेही चार-सहा आठवड्यांत हळूहळू उतरवत न्यायचे. (चेहरा गोल होतो, रात्री झोप लागत नाही, हे मला कुणी सांगायला नको.) काही दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा वेडोलिझुमॅब. पहिले टीएनएफ या दाहकारक रेणूला बांधून ठेवते आणि ते क्रोन्सच्या (आतड्याच्या दाहाचाच दुसरा जुना आजार) रुग्णांसाठी १९९८ पासून वापरात आहे. दुसरे टी पेशींना मुख्यतः आतड्यात शिरू देत नाही, बाकी शरीराच्या प्रतिकारशक्तीला फारसा धक्का लावत नाही. आपल्याकडे इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी छातीचा एक्स-रे आणि दबून बसलेल्या टीबीची तपासणी टाळून चालत नाही, कारण टीएनएफ अडवले की झोपलेला टीबी उठतो. इथे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची गल्लत आधीच पुष्कळ होते, त्यात ही भर नको.

आता माझा स्वार्थाचा प्रश्न. आधीच कोलायटिस असलेल्याला उद्या कॅन्सर झाला, तर त्याला ही औषधे नाकारायची का? सुरुवातीच्या चाचण्यांत आमच्यासारख्यांना घेतलेच जात नव्हते, त्यामुळे उत्तर मागाहून, रुग्णालयांच्या नोंदींतून शोधावे लागले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील १०२ रुग्णांच्या अभ्यासात ४१ टक्के रुग्णांना पोटाचा त्रास झाला. आतड्याचा आजार नसलेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण ११ टक्के होते. चौघांच्या मोठ्या आतड्याला छिद्र पडले, परंतु पोटाच्या त्रासाने मृत्यू एकही नाही. मी हे आकडे असे वाचतो: धोका जवळजवळ चौपट, म्हणून कॅन्सरचे आणि पोटाचे डॉक्टर पहिल्या सलाईनच्या आधीच एकमेकांशी बोललेले हवेत, मात्र निम्म्याहून अधिक लोक या त्रासाविना पार पडले, म्हणून ‘तुम्हाला हे औषध चालणारच नाही’ असे सरसकट सांगणे अन्यायाचे आहे. जाता जाता, तांबडा रस्सा बंद केल्याने हा आजार जात नाही. आजार उफाळलेला असताना तिखट सोसत नाही, एवढेच खरे.

त्रास होण्याआधीच तो टाळता येईल का, यावरही काम चालू आहे. २०१९ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी उंदरांत टीएनएफ आगाऊ अडवून पाहिले. कोलायटिस कमी झाला आणि गाठीवरचा परिणाम मात्र टिकला. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या दोघांना निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू दिले आणि दोघांचाही कोलायटिस शमला. सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस म्हणून मला याचे अप्रूप वाटते, पण यावरून दुकानातली प्रोबायोटिकची पुडी स्वतःच्या मनाने घेणे मला पटत नाही; दोन रुग्ण म्हणजे दोनच रुग्ण.

मला सर्वांत जवळचा वाटलेला अभ्यास २०२४ चा आहे. त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा जनुकीय कल गुणांकाच्या रूपात मोजला गेला. अल्सरेटिव्ह कोलायटिसकडे झुकणारा कल ज्यांच्यात जास्त, त्यांना या औषधांनी कोलायटिस होण्याची शक्यताही जास्त निघाली. क्रोन्सच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. असे गुणांक आजवर प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत, त्यामुळे आपल्या लोकांसाठी ते जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तेव्हा उद्या कुणी अशा चाचणीचे पॅकेज घेऊन आले, तर मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची तपासणी त्या मानाने स्वस्त आहे, आतड्यात आत्ता दाह आहे की नाही हे ती सांगते आणि नमुन्याची डबी घरातून नेऊन देता येते. दादाची पुढच्या डोसआधी करायची आहे, माझी दिवाळीनंतर.