बंदूक फुटली, त्यात त्याची काय चूक?

एम.ए. इंग्रजीला मी नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) ही कादंबरी शिकवतो. त्या दिवशी सकाळच्या तासाला फळ्यावर ॲरिस्टॉटलची शोकांतिकेची व्याख्या लिहिली आणि खाली रकाने पाडले: नायक, हॅमर्शिया, भाग्यपालट, ओळख (म्हणजे नायकाला सत्य उमगतं तो क्षण). कादंबरीच्या नायकाला, ओकोन्क्वोला, एकेका रकान्यात बसवलं की परीक्षेत उत्तर सुटसुटीत येतं. गाइडमध्येही तसंच असतं. हॅमर्शिया म्हणजे स्वभावदोष, ओकोन्क्वोचा दोष म्हणजे संताप.

एका मुलीनं हात वर केला. "सर, त्याला सात वर्षं गाव सोडावं लागलं ते बंदूक फुटली म्हणून. लोखंडाचा तुकडा उडाला आणि पोरगा गेला. त्यात संताप कुठे आला? त्याची काय चूक?"

मला उत्तर देता येईना. व्याख्या तंतोतंत धरली तर कादंबरी दारातच अडते, कारण शोकांतिका निवेदनातून सांगायची नाही, कृतीतून दाखवायची, असं तीच म्हणते. त्यावर माझ्याकडे तोड होती. 'काव्यशास्त्रा'च्या चौदाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलच सांगतो की प्रयोग न पाहता नुसतं कथानक ऐकूनही अंगावर काटा यायला हवा. पण हा प्रश्न वेगळा होता.

मधल्या सुट्टीत डबा न उघडता 'काव्यशास्त्र' काढलं. नववं प्रकरण. अर्गोसमध्ये मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मिटिसचा खुनी तो पाहत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो मेला. असल्या घटना निव्वळ योगायोग वाटत नाहीत, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. मग कादंबरी उघडली. बंदूक फुटते कुठे? एझेउडूच्या अंत्यविधीत. मरतो कोण? एझेउडूचाच सोळा वर्षांचा मुलगा. आणि एझेउडू म्हणजे तोच म्हातारा, ज्यानं ओकोन्क्वोला इकेमेफुनाबद्दल, म्हणजे दुसऱ्या गावाकडून ओलीस आलेल्या, ओकोन्क्वोच्या घरी वाढलेल्या आणि आता गाव मारायला निघालेल्या पोराबद्दल, बजावलं होतं की तो पोरगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणात तुझा हात नको.

इतकी वर्षं शिकवतोय, पण ही पानं कधी शेजारीशेजारी ठेवून वाचली नव्हती. हातातला चहा निवून गेला.

दुपारी रकाने पुसले. त्या मुलीलाच इकेमेफुनाच्या मरणाचं पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. पहिला वार बसल्यावर तो पोरगा बापाला हाक मारत ओकोन्क्वोकडेच धावतो, आणि लोक भेकड म्हणतील या भीतीनं ओकोन्क्वो स्वतः कोयता चालवतो. वाचताना तिचा आवाज दाटला. मी सांगितलं, हॅमर्शियाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. बापासारखं दुबळं दिसायचं नाही, एवढाच ओकोन्क्वोचा जन्मभराचा नेम, आणि तो लागला या पोरावर.

"मग त्याला कळतं कधी?" पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं.

तिनं भराभर शेवटाकडची पानं उलटली. ओकोन्क्वोनं गोऱ्या सरकारच्या शिपायाचं मुंडकं उडवलंय. बाकीचे शिपाई निसटलेत, गावानं त्यांना निसटू दिलंय. गर्दीतून आवाज येतो, असं का केलं यानं? ओकोन्क्वो कोयता वाळूत पुसतो आणि चालू लागतो.

"इथे," ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली. "कोयता पुसतो तेव्हा."